अवधाण

उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं त्याला कारण मीच. प्रुफं वाचताना एखाद्या वाक्यावर अडले की नखाच्या कडेची साल दातांनी ओढायची, ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी कड लाल झाली, तिसऱ्या दिवशी अंगठा टरटरून फुगला आणि रात्री ठणका सुरू झाला. नखुर्ड्याचा ठणका ज्यानं सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको. हृदयाचा एकेक ठोका अंगठ्याच्या टोकाशी मोजता येतो. चौथ्या दिवशी हात वर करताना काखेत काहीतरी दुखलं. चाचपून पाहिलं तर बोराएवढी गाठ. अंगठा कुठे, काख कुठे!

त्या गाठीवर बोट टेकलं आणि दुखण्याआधी मला लाज आठवली.

मुद्रितशोधनाच्या कामाला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एका हस्तलिखितात वाक्य होतं, 'पायाला लागलं होतं त्यानं जांघेत अवधाण आलं.' मी 'ण'वर काट मारली आणि समासात ठसठशीत 'न' लिहिला. अवधान म्हणजे लक्ष, शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा. जांघेत लक्ष कसं काय येईल, हा प्रश्न पडू नये इतकी मी त्या 'न'वर खूश होते. पुस्तक तसंच छापून आलं. लेखक वयस्कर होते, भांडले नाहीत. एका ओळीचं पत्र आलं: 'बाई, तुम्हाला कधी अवधाण आलेलं दिसत नाही. आलं की कळवा.'

बावीस वर्षांनी आलं. कळवायला ते राहिले नव्हते.

शरीरात एके ठिकाणी जखम झाली, गळू झालं आणि त्याच्यापायी दुसरीकडेच, जांघेत, काखेत गाठ सुजून आली तर तिला अवधाण म्हणतात. सूक्ष्मदर्शक हाती नसताना, पेशी हा शब्दही नसताना कुणाच्या तरी नीट ध्यानात आलं होतं की ही गाठ स्वतःच्या दुखण्यानं सुजलेली नाही, दुसऱ्या कुणासाठी सुजलीय. एवढं सगळं निरीक्षण भाषेनं एका शब्दात बांधून ठेवलं होतं आणि मी त्यातलं एक अक्षर बदलून ते पुसून टाकलं.

हाताला पट्टी होती, लिहिणं बंद होतं, म्हणून त्या दिवसांत वाचत बसले. आपल्याच अंगठ्यात नक्की काय चाललंय, याची चीडही होती आणि उत्सुकताही.

त्वचेचा बंदोबस्त तसा चोख असतो. ती कोरडी, किंचित आम्लधर्मी, वरचा थर सतत झडत राहणारी. तिच्यावर बसलेल्या जिवाणूला आत शिरायला फट लागते आणि ती मी दातांनी करून दिली होती. नखुर्ड्यात पुष्कळदा सापडणारा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८०च्या सुमाराला गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यांना हे गोल जिवाणू घोसानं दिसले, म्हणून त्यांना द्राक्षांच्या घडाचं ग्रीक नाव मिळालं. ऑरियस म्हणजे सोनेरी. हे सोनं त्यानं शोभेसाठी घातलेलं नाही, ते पुढे कळेलच. मनाजोगती जागा मिळाली की अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहिला, तर दहा तासांत एकाचे दहा लाखांवर.

म्हणून पहिला पहारा थांबून विचार करणारा असून चालत नाही. त्वचेखाली भक्षक पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. समोरचा जिवाणू कोणता, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. जिवाणूंच्या भिंतीत काही रेणू असे असतात की ते आपल्या शरीरात कुठेही तयार होत नाहीत. ते दिसले की हाकाटी करायची, एवढंच यांचं काम. ही ओळख पटवणाऱ्या, आपल्या पेशींवरच्या रेणूंचं महत्त्व ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६मध्ये फळमाश्यांमध्ये आणि ब्रूस बॉयटलर यांनी १९९८मध्ये उंदरांमध्ये दाखवलं. म्हणजे अंगठा सुजतो, हे माणसाला हजारो वर्षं माहीत आहे, पण सुजायचं हे त्याला कळतं कसं, हे कळून जेमतेम तीन दशकं झाली.

हाक गेली की रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती जरा सैल होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, म्हणून ठणका. लाली, सूज, ऊब, ठणका ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात लिहून ठेवली. मला यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चारांपैकी एकही काम थेट जिवाणूनं केलेलं नाही. तो आपला वाढत होता. मला रात्रभर जागवलं ते माझ्याच माणसांनी.

सैल झालेल्या भिंतींमधून बाहेर पडतात न्यूट्रोफिल. पांढऱ्या पेशींमध्ये यांचीच संख्या सगळ्यात जास्त. आपली अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात आल्यावर त्यांचं आयुष्य जेमतेम दिवसभराचं. १९५०च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून केलेलं एक जुनं चित्रण मी किती वेळा पाहिलं असेल! तांबड्या पेशींच्या गर्दीत एक न्यूट्रोफिल एका इवल्या जिवाणूच्या मागे लागलाय. जिवाणू वळला की हा वळतो, वाटेतल्या तांबड्या पेशींना ढकलत पुढे घुसतो, शेवटी गाठतो आणि गिळतो. याला ना डोळे ना मेंदू. वासावर चालतो म्हणा हवं तर. रासायनिक खुणा जिकडे दाट, तिकडे सरकायचं.

गिळल्यावर आत जे ओततो ते हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं त्याच जातीचं द्रव्य. आणि इथे त्या सोन्याचा उपयोग. ऑरियसचा सोनेरी रंग अशा द्रव्यांचा मारा सोसायला त्याला मदत करतो. शिवाय तो आपल्याभोवती रक्ताची गुठळी बांधून घेतो आणि त्याच्यावर येऊन बसणाऱ्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना, चुकीच्या टोकाला धरून ठेवतो, म्हणजे ती असूनही नसल्यासारखी. मी त्याला अंगठ्यातला क्षुद्र जंतू समजत होते! चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नखाच्या कडेला बारीकशी चीर दिली, पू निघाला आणि दोन मिनिटांत मला जग पुन्हा आवडायला लागलं. पू म्हणजे घाण, असंच आपण म्हणतो. त्यात मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल असतात. त्याला हिरवट झाक येते तीही त्यांच्यातल्याच एका विकराची, म्हणजे एन्झाइमची.

पेशी जंतूंना खातात हे पहिल्यांदा नीट मांडलं एली मेचनिकॉफ यांनी. १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिनात समुद्रकिनारी राहत असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि सकाळी पाहिलं तर काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडलेला. काट्यानं काटा काढतात हे आपण ऐकून असतो, यांनी काट्यानं सिद्धान्त काढला. पण आठ वर्षांनी, १८९०मध्ये, एमिल फॉन बेरिंग आणि किटासातो शिबासाबुरो यांनी दाखवलं की धनुर्वात आणि घटसर्पाच्या विषाला निष्प्रभ करणारं काहीतरी रक्ताच्या नितळ द्रवातच असतं, पेशी नसल्या तरी चालतं. मग पेशीवाले आणि द्रववाले असे दोन तट पडले आणि पुष्कळ वर्षं भांडत राहिले. १९०८चं नोबेल दोन्ही बाजूंना, म्हणजे मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना, मिळून दिलं गेलं.

खरं तर भांडण त्याआधीच मिटायला हवं होतं. १९०३मध्ये ऑल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांना दिसलं की द्रवातलं काहीतरी जिवाणूवर चिकटलं की पेशी त्याला जास्त आवडीनं खातात. त्या पदार्थाला त्यांनी ऑप्सोनिन म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाहिला आणि हसू आलं. भाकरीबरोबर खायचं ते, म्हणजे तोंडी लावणं! प्रतिपिंड हे जिवाणूला लावलेलं तोंडी लावणं, ही कल्पना मला शाळेतल्या 'कुलूप आणि किल्ली'पेक्षा फार पटली.

आता काखेतली गाठ.

अंगठ्यात जी धुमश्चक्री चालते तिथून डेंड्रिटिक पेशी नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी जिवाणूचे तुकडे उचलतात आणि लसीका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांतून काखेतल्या ग्रंथीकडे निघतात. या पेशी १९७३मध्ये शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी त्याच पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून पाहिले. २०११चं नोबेल हॉफमन आणि बॉयटलर यांच्यासह त्यांना जाहीर झालं तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हतं. मरणोत्तर पारितोषिक द्यायचं नाही असा नियम असूनही ते त्यांच्याच नावे राहिलं.

ग्रंथीत वाट पाहत असतात लसीकापेशी. त्यांतल्या प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो, दुसरा नाही. माझ्या अंगठ्यातल्या जिवाणूचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी लाखात एखादीच. शत्रू पाहून शरीर त्याच्या मापाचं प्रतिपिंड शिवत नाही. सगळी मापं आधीच तयार असतात, जे बसेल त्याची निवड होते आणि त्याच पेशीच्या हजारो प्रती निघतात. १९५७मध्ये हे मांडलं ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी. पण अब्जावधी मापं तयार ठेवायची तर तेवढी जनुकं कुठून आणायची? माणसाकडे जनुकं असतात वीस हजारांच्या आसपास. उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी १९७६मध्ये दिलं, आणि ते कुठल्याही जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला लगेच समजलं असतं. अक्षरांचे खिळे थोडेच असतात, जुळवणी वेगवेगळी असते. प्रत्येक पेशी घडताना जनुकांचे तुकडे नव्यानं जुळवले जातात.

एवढ्यावर थांबत नाही. निवडलेल्या पेशी ग्रंथीतच आपल्या मजकुरात मुद्दाम चुका करतात. प्रत काढायची, एखादं अक्षर बदलायचं, जिवाणूच्या तुकड्याला ताडून पाहायचं. बिघडलं तर ती प्रत मरते, जास्त घट्ट बसली तर तिच्याच पुढच्या प्रती निघतात. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, तिसरं प्रूफ. माझ्या धंद्याच्या अगदी उलट. मी चुका पकडून संपवते, इथे चुकांतून निवड करून मजकूर सुधारतो. या सगळ्या काळात लसीकापेशींना ग्रंथीबाहेर पडायची वाट काही वेळ बंद असते, येणाऱ्या येतच राहतात, म्हणून ग्रंथी सुजते. ते बोराएवढं दुखरं गाठोडं म्हणजे खच्चून भरलेली, एकाच तुकड्याकडे डोळे लावून बसलेली सभा होती. अवधाण म्हणजे शेवटी अवधानच की! त्या लेखकांना हे लिहून कळवलं असतं, तरी त्यांनी 'ण' सोडला नसता, आणि बरोबरच होतं ते.

अंगठा बरा झाला. तीन आठवडे गेले आणि एका संध्याकाळी कणकण वाटायला लागली. तासाभरात हुडहुडी, अंग मोडून आलेलं, डोळ्यांची बुबुळंसुद्धा दुखतायत. इन्फ्लुएंझाच होता. अंगठ्याच्या अनुभवानं शहाणी झालेली मी जखम शोधत होते. यावेळी बोट ठेवायला जागाच नव्हती. सगळीकडे दुखत होतं.

विषाणू हा प्राणीच मुळात वेगळा. प्राणीही म्हणवत नाही. इन्फ्लुएंझाचा विषाणू म्हणजे आठ तुकड्यांत लिहिलेला साधारण १३,५०० अक्षरांचा मजकूर, वर एक वेष्टन. एखाद्या लांबलेल्या लेखाएवढा. त्याच्याकडे स्वतःचं यंत्र नाही, शाई नाही, कागद नाही. तो पेशीत शिरतो आणि पेशीची सगळी यंत्रणा त्याचाच मजकूर छापायला लागते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते असं. जिवाणू पेशींच्या बाहेर वावरतो तोवर त्याला प्रतिपिंड चिकटवता येतं, गिळता येतं. हा तर आपल्याच घरात, आपल्याच भिंतीआड. प्रतिपिंडं रक्तात हिंडणाऱ्या विषाणूंना अडवतात, पण शिरलेल्याचं काय? त्याला मारायचं तर घरच पाडावं लागतं. जिवाणूशी लढणं म्हणजे परक्याला मारणं आणि विषाणूशी लढणं म्हणजे आपल्याला मारणं, हा फरक मी इतकी वर्षं 'जंतुसंसर्ग' या एकाच शब्दाखाली झाकून ठेवला होता.

(निसर्ग अर्थात असे कप्पे पाळत नाही. क्षयाचा जिवाणू गिळला गेल्यावर भक्षक पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो आणि वर्षानुवर्षं राहतो. शरीर त्याला मारू शकलं नाही की त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधतं.)

कुठलं घर फितूर झालंय हे बाहेरून कळायचं कसं? हे वाचताना मी तापातही उठून बसले. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत जी प्रथिनं बनवते त्यांची बारीक कात्रणं करून बाहेरच्या भिंतीवर सतत टांगत असते. कात्रण बहुधा आठ ते दहा अमिनो आम्लांचं, म्हणजे आठ-दहा अक्षरांचं. टी पेशी, म्हणजे लसीकापेशींचीच एक जात, दारोदार हिंडत ही कात्रणं वाचतात. ओळखीचा मजकूर असेल तर पुढे. परकं वाक्य दिसलं की ती पेशी संपवायची. ही कात्रणं आपल्याच चौकटीत टांगलेली असावी लागतात, दुसऱ्या कुणाच्या चौकटीतलं वाचता येत नाही, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४मध्ये कॅनबेरात शोधलं. मी पोटासाठी काय करते? ओळखीच्या मजकुरात न बसणारं अक्षर शोधते. अंगभर हे काम चाललंय आणि मला त्याचा पत्ता नाही.

काही विषाणू यावरही तोड काढतात. ते कात्रणं टांगणंच बंद पाडतात. भिंत कोरी, पुरावा नाही. पण फिरत्या पेशींची आणखी एक जात आहे, नैसर्गिक मारक पेशी. त्यांना वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल. त्या फक्त पाहतात की भिंतीवर काही टांगलंय की नाही. सगळं काढून घेतलेलं घर दिसलं की त्यांना संशय येतो.

आणि ताप? १९५७मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांना एक पदार्थ सापडला, इंटरफेरॉन. विषाणू शिरलेली पेशी तो बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन आपली प्रथिनांची छपाई मंदावतात. स्वतः बुडणाऱ्यानं शेजाऱ्यांना हाक द्यावी तसं. पुढे हाच पदार्थ काही प्रकारच्या काविळीवर इंजेक्शनातून द्यायला लागले. ज्यांना तो दिला त्यांना हुडहुडी, ताप, अंगदुखी, थकवा. इन्फ्लुएंझाचा विषाणू अंगात नसताना इन्फ्लुएंझा! ज्याला मी तो आजार म्हणत होते त्यातला किती भाग विषाणूचा आणि किती माझा, याचा हिशेब त्या ओळीपाशी माझ्यापुरता बदलला.

तापाबद्दल आणखी एक. मेंदूतलं तापमानाचं ठरलेलं माप वर सरकवलं जातं, म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते. दर अंशामागे दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा जाते. इतका महागडा खर्च शरीर उगीच कशाला करेल? १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर प्रयोग केले. सरड्याला आतून ताप आणता येत नाही. जिवाणू टोचले तर तो आपण होऊन जास्त उबेच्या जागी जाऊन बसतो. ज्यांना तसं बसू दिलं नाही, गार जागेत ठेवलं, ते जास्त मेले. याच काळात शरीर रक्तातलं लोहही लपवून ठेवतं, कारण वाढायला जिवाणूलाही लोह लागतं. हे सगळं वाचून झाल्यावर मी तापाची गोळी घेतली. माझं काही इग्वानाशी नातं नाही. अंगठ्याच्या वेळच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या यावेळी चालतील का, असंही डॉक्टरांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "त्या भिंत फोडतात किंवा यंत्र बंद पाडतात. याला दोन्ही नाही. फोडणार काय?"

बरी झाल्यावर पहिलं प्रूफ हाती आलं ते एका आरोग्यविषयक लेखाचं. मथळा, 'प्रतिकारशक्ती वाढवा!' उद्गारचिन्हासह. पूर्वी मी उद्गारचिन्ह खोडून पुढे गेले असते. यावेळी 'शक्ती'खाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढलं.

शब्द सरसकट चूक नाही. एचआयव्ही ज्या टी पेशी संपवतो त्या कमी पडल्या की साध्या जंतूंपुढे माणूस कोसळतो, तिथे शक्तीच कमी पडलेली असते. पण ज्या दुखण्यांना आपण भितो त्यांतली बरीच या शक्तीच्या अतिरेकाची असतात. सेप्सिसमध्ये जंतूंपेक्षा शरीराचा बेताल प्रतिसाद अवयव बंद पाडतो. २०१७ या एका वर्षात जगात त्याचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं. घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांमध्ये प्रतिपिंडं हृदयाच्या झडपांवर उलटतात, कारण जिवाणूचे काही रेणू तिथल्या रेणूंसारखे दिसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू डेक्सामेथासोननं साधारण एकतृतीयांशानं घटतात. हे औषध करतं काय? प्रतिकार दाबतं. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे कधी दाबायचं हेही महत्त्वाचं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे घडतात आणि त्यांतल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त तिथेच मरतात. कुणाला काही वाचताच येत नाही म्हणून, कुणी आपल्याच मजकुरावर तुटून पडते म्हणून. जगातली इतकी कडक परीक्षा मला दुसरी माहीत नाही, आणि तरीही काही नापास पेशी निसटतात. त्यांना आवरायला वेगळ्या नियामक पेशी असतात. १९९५मध्ये शिमोन साकागुची यांनी त्या दाखवल्या, आणि २०२५चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं ते या लगामाबद्दल. अंगठ्यातसुद्धा शेवटचं काम लढण्याचं नव्हतं. मेलेल्या न्यूट्रोफिलना भक्षक पेशी गिळतात आणि तसं गिळलं की त्या स्वतः शांत होतात, आग विझवणारे संदेश सोडतात. हे वाढवायचं की कमी करायचं? प्रश्नचिन्हापुढे मी लिहिलं, 'शक्ती की पारख?' संपादकांचं उत्तर आलं, 'लेखकाचा शब्द आहे, राहू द्या.' राहू दिला. अवधाणानंतर मी लेखकाच्या शब्दाला हात लावताना जरा थांबते.

पारख एकदा झाली की टिकते किती? उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवर १७८१मध्ये गोवराची साथ येऊन गेली आणि मग ६५ वर्षं तिथे गोवरच आला नाही. १८४६मध्ये तो पुन्हा पोचला तेव्हा साधारण ७,८०० वस्तीपैकी ६,०००च्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर हिंडून नोंदी करत होता. त्याच्या लक्षात आलं की १७८१मध्ये लहानपणी ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत गोवर डोळ्यांनी न पाहता त्यांच्या पेशींनी तो लक्षात ठेवला होता. लस म्हणजे हीच ओळख आजारपणाचा खर्च न करता करून देणं.

गोवराची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणते. तो स्मृतिपेशींमध्येच शिरतो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं होतं. त्यांची इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानं पुसून टाकली होती. स्वतःची आठवण जन्मभर ठेवायला लावणारा हा पाहुणा जाताना बाकीच्यांच्या आठवणी घेऊन जातो.

हे वाचत होते त्याच आठवड्यात आईचा फोन आला. डाव्या बरगडीखाली आग होतेय, दोन दिवसांनी पुरळ उठलं, एकाच बाजूला, पट्ट्यासारखं. नागीण. आई ७४ वर्षांची. तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या सहाव्या वर्षी.

कांजिण्यांचा विषाणू बरा झाल्यावर जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन निजतो. तो पुढे उठला की त्या एकाच तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो, म्हणून पट्टा. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधले साधे जनरल प्रॅक्टिशनर. आपल्याच रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदी तपासून १९६५मध्ये त्यांनी हे मांडलं. इतकी वर्षं त्याला दाबून धरतात त्या टी पेशी. वय वाढलं की त्यांची पकड सैल होते.

मी दुसऱ्या दिवशी आईकडे गेले. औषध वेळेवर सुरू झालं होतं. उशी कुशीला धरून ती पडून होती. अंगात नवीन ज्ञान होतंच, मी सगळं सांगायला लागले.

"म्हणजे सहाव्या वर्षापासून ते माझ्यातच होतं?"

"हो."

"शाळेत? लग्नात?"

"हो गं. मी झाले तेव्हाही."

ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. तिला भीती वाटली असेल असं मला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर जुना भाडेकरू आठवल्यासारखं काहीतरी होतं.

"आणि आता? गेलं का पुरतं?"

"जात नाही ते. परत निजेल."

आईनं सावकाश कूस बदलली, पांघरूण वर ओढलं.

"मग हळू बोल," ती म्हणाली.